बीज राखणारी माणसं : पिरॅमिड सरोवराच्या मत्स्यबीज केंद्राचा इतिहास

मृगाचा पाऊस दोन दिवस धरून पडला, ओढे गढूळ झाले, की नदी-तळ्यातले मासे पाण्याच्या उलट अंगाने वर निघतात. कोणी त्यांना वलगणीचे म्हणतं, कोणी चढणीचे. पोटं गाभोळीने तटतटलेली असतात आणि त्यांना शेताच्या बांधापर्यंत, भाताच्या खाचरापर्यंत पोचायचं असतं. या स्मरणिकेच्या वाचकांना हे मी सांगायला नको. पण समजा, एका वर्षी वलगण आलीच नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मग पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, आणि चढणीचा मासा फक्त आजीच्या बोलण्यात उरला. अशा वेळी नदीकाठच्या माणसांनी काय करायचं?

अमेरिकेच्या पश्चिमेकडे नेवाडा राज्यात, रीनो शहराच्या ईशान्येला पिरॅमिड नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठच्या पायूट आदिवासींवर ही वेळ आली. त्यांनी मत्स्यबीज केंद्र उभं केलं, ते स्वतः चालवलं, आणि ते चालवता चालवता नदीच्या पाण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढले. ‘पिरॅमिड लेक फिशरीज’ या त्यांच्या संस्थेचा हा इतिहास. आपल्या स्मरणिकेत इतक्या दूरच्या संस्थेला जागा कशाला, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे. माझी सारी नोकरी बीजाच्या हौदांपाशी गेली, आणि तळ्यात बीज सोडणं म्हणजे नेमकं काय करणं, हे मला या लोकांच्या कामाइतकं दुसऱ्या कशानेच समजावलं नाही.

आधी पाण्याविषयी सांगतो. डोंगरातल्या ताहो सरोवरातून ट्रकी नदी निघते, सुमारे १९० किलोमीटर वाहते आणि वाळवंटातल्या पिरॅमिड सरोवरात येऊन थांबते. पुढे वाट नाही. आलेलं पाणी उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे हे पाणी थोडं खारट आहे, समुद्राच्या साधारण एक षष्ठांश. नदी जेवढं आणते तेवढ्यावरच सरोवर जगतं. पायूट लोकांच्या जुन्या कथेत ते एका आईच्या आसवांचं आहे. लेकरं आपसांत भांडून दूर गेली, आई रडत बसली आणि बसल्या जागी दगड झाली. काठावर तो दगड आहे. त्याला ते ‘दगडी आई’ म्हणतात.

या पाण्यात दोन मासे महत्त्वाचे. पहिला लाहोंटन कटथ्रोट ट्राउट. जबड्याखाली सुरीने चिरल्यासारख्या दोन लाल रेघा असतात, म्हणून ‘कटथ्रोट’. १९२५ साली याच सरोवरात जॉन स्किमरहॉर्न यांनी धरलेला ट्राउट ४१ पौंडांचा भरला, म्हणजे साडेअठरा किलोंचा. या जातीतला तो आजही जागतिक विक्रम आहे. दुसरा मासा क्वी-वी. हा जगात दुसरीकडे कुठेही नाही, फक्त इथे. जाड ओठांचा, दोन-अडीच किलोंचा, दिसायला साधा मासा. पण इथल्या लोकांचं स्वतःचं नावच ‘क्वी-वी खाणारे’ असं आहे. शेजारच्या वॉकर सरोवराकाठचे पायूट ‘ट्राउट खाणारे’. माणसाची ओळख ताटातल्या माशावरून सांगायची रीत आपल्या किनाऱ्यालाही परकी नाही. वसंतात क्वी-वी नदीत चढू लागला की लांबलांबचे जथे सरोवराकाठी जमत, मासे वाळवून वर्षाची बेगमी करत. जॉन फ्रेमाँट हा सरकारी शोधप्रवासी १८४४च्या जानेवारीत इथे पोचला, तेव्हा या लोकांनी त्याच्या तुकडीला ट्राउट खाऊ घातले. पाण्यातल्या एका टोकदार खडकावरून त्याने सरोवराला ‘पिरॅमिड’ नाव दिलं. सरोवराला आधीपासून नाव होतं, ते त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१८५९ साली हा मुलूख पायूटांसाठी राखून ठेवला गेला आणि १८७४ साली अध्यक्ष ग्रँट यांच्या आदेशाने त्यावर मोहोर उठली. जमीन आणि सरोवर त्यांचं ठरलं. नदीच्या पाण्याचं मात्र कागदावर कुठे नाव नव्हतं. पुढची शंभर वर्षं त्या एका गाळलेल्या ओळीने खाल्ली.

१९०५ साली ट्रकीवर डर्बी धरण झालं. वाळवंटात शेती पिकवण्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने हाती घेतलेल्या सिंचनकामांतलं हे अगदी पहिलं. धरणातून कालवा निघाला आणि ट्रकीचं जवळजवळ अर्धं पाणी दुसऱ्या खोऱ्यातल्या शेतांकडे वळलं. पिरॅमिड सरोवर उतरू लागलं. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत पातळी ८० फुटांच्या आसपास खाली गेली. शेजारचं विनेमुका सरोवर तर १९३०च्या दशकाच्या अखेरीस पार आटलं. आज तिथे पांढरी भेगाळलेली जमीन आहे.

नुसतं पाणी कमी होणं एक वेळ माशांनी सोसलं असतं. पण पातळी उतरली तसा नदीच्या मुखाशी गाळाचा पसरट पट्टा उघडा पडला. त्यावरून घोट्याएवढं, उन्हाने तापलेलं पाणी वाहायचं. गाभोळीने जड झालेला मासा तिथे फसायचा, आणि वर अनाहो बेटावरचे हजारो पांढरे पेलिकन वाट बघतच असायचे. जे वर जात त्यांना डर्बी धरणाची भिंत आडवी. १९३८ साली ट्राउट शेवटचा नदीत चढला. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला पिरॅमिडचा मूळ ट्राउट संपला. क्वी-वी तेवढा तग धरून राहिला. तो कसा, ते पुढे येईल, कारण या इतिहासातला मला सर्वात जवळचा भाग तोच आहे.

१९५०च्या दशकात सरकारी खात्यांनी सरोवरात दुसरीकडचं ट्राउटबीज सोडायला सुरुवात केली. समिट लेक आणि इतर पाण्यांतून आणलेले हे त्याच जातीचे, पण वेगळ्या कुळाचे मासे होते. ते जगले, वाढले, पण नदीत वीण करू शकले नाहीत. दर वर्षी सोडा, दर वर्षी धरा. बीज येणं थांबलं तर सरोवर रिकामं. आणि बीज दुसऱ्याच्या हातात.

ते आपल्या हाती घ्यायचं, हा निर्णय जमातीने १९७०च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत घेतला. सरोवराच्या पश्चिम काठावर सटक्लिफ या वस्तीपाशी क्वी-वीसाठी हॅचरी उभी राहिली. या माशाचं कृत्रिम प्रजनन ज्यांच्या प्रयत्नांनी सुरू झालं, त्या जीवशास्त्रज्ञ डेव्हिड कॉख यांचं नाव तिला आहे. मग ट्राउटसाठी सटक्लिफलाच डन हॅचरी, आणि नदीच्या अंगाला नुमाना हॅचरी. पगारावर जमातीचीच माणसं. खर्चाचा काही भाग केंद्र सरकारकडून, काही जमातीच्या स्वतःच्या उत्पन्नातून. बाहेरच्या गळवाल्यांना इथे राज्याचा परवाना चालत नाही, जमातीचा काढावा लागतो. गळाची चिमटी-आकडी कशी असावी, किती लांबीचा मासा ठेवायचा, कोणता परत सोडायचा, कोणत्या महिन्यांत गळच टाकायचा नाही, हे सारे नियम जमात ठरवते. त्याच दशकात आपल्याकडे लोणावळ्याच्या वळवण तलावापाशी टाटांच्या वीज कंपनीने महसीरचं बीज तयार करायला घेतलं होतं. धरणांनी अडवलेल्या नदीतला तोही चढणीचाच मासा. जगाच्या दोन टोकांना, एकमेकांची खबर नसताना, त्याच दुखण्यावर तोच लेप शोधला जात होता.

आता या केंद्राचं काम कसं चालतं ते जरा निगुतीने सांगतो, कारण आपल्या हॅचरीत वाढलेल्या माणसाला त्यातला फरक लगेच जाणवेल.

रोहू-कटल्याची अंडी फलित झाल्यावर पंधरा-अठरा तासांत फुटतात. रात्री इंजेक्शन दिलं तर परवा सकाळी जिरे हालताना दिसतं, आणि तीन दिवसांत गिऱ्हाईक पिशवी घेऊन दारात उभं. ट्राउटचं तसं नाही. त्याचं अंडं वाटाण्याच्या अर्ध्याएवढं, केशरी, आणि त्याला थंडगार वाहतं पाणी लागतं. फुटायला महिना-दीड महिना जातो. मधल्या काळात अंड्याच्या आत दोन काळे ठिपके दिसतात, ते पिलाचे डोळे. डोळे धरेपर्यंत अंड्यांना धक्कादेखील लावायचा नसतो. जे मरेल ते पांढरं पडतं, त्यावर बुरशी चढते आणि शेजारच्यांना घेऊन जाते. म्हणून बाकीच्यांना धक्का न लावता पांढरी अंडी रोज वेचून काढायची. हे काम यंत्राचं नाही, नजरेचं आणि धीराचं आहे.

अंडी आणायची कुठून? इथे केंद्राने माशाच्याच स्वभावाचा उपयोग केला. ट्राउट जिथल्या पाण्यात लहानाचा मोठा होतो त्या पाण्याचा वास त्याच्या अंगात बसतो. सटक्लिफला हॅचरीचं पाणी एका पाटातून सरोवरात सोडलं जातं आणि पिलंही त्याच वाटेने सोडतात. तीन-चार वर्षांनी, वसंतात, मोठे झालेले मासे त्या वासामागे त्याच पाटातून चढून हॅचरीच्या दारात येतात. नदी नाहीशी झाली, तर माणसांनी त्यांच्यासाठी दोन हात रुंद नदी केली. दारात आलेल्या मादीला उचलायचं, पोटावरून हलक्या हाताने अंगठा फिरवायचा, अंडी भांड्यात पडतात. नराचं तसंच. पिसाने किंवा बोटाने ढवळून पाणी घालायचं. आणि मादीला परत सरोवरात सोडायचं. पिलं हौदात वाढवून, बोटुकलीपेक्षा बरीच मोठी, वितीएवढी झाली की सरोवरात सोडतात. इतकी मोठी का? लहान सोडली तर सरोवरातल्या मोठ्यांच्या आणि पेलिकनच्या पोटात जातात. आपल्याकडे जिऱ्यावर पैसा वाचवून तलावात टाकणाऱ्या सोसायट्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा, असं मला मनापासून वाटतं.

क्वी-वीचं सगळंच वेगळं. मादी आठ-दहा वर्षांची झाल्याशिवाय अंडी देत नाही, आणि मासा चाळीस वर्षांहून जास्त जगतो. एकदा चढली की हजारो अंडी. वीण एप्रिल ते जूनमध्ये, बहुतेक रात्री, खडीवर, घोळक्याने. पिलं फुटली की लगेच प्रवाहाबरोबर खाली सरोवरात. हॅचरीने या माशाची जिवंत पिलं वर्षानुवर्षं सोडली. पण केंद्रातल्या लोकांना लवकरच कळलं की हा मासा हौदाच्या भरवशावर उभा राहणार नाही. याला नदी हवी.

म्हणून मत्स्यबीज केंद्राचा इतिहास कोर्टातून जातो. १९६७ साली क्वी-वी नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या पहिल्याच सरकारी यादीत आला, ट्राउट १९७०मध्ये. जमातीने केंद्र सरकारच्या अंतर्गत व्यवहार खात्यावर दावा लावला, आणि १९७२ साली वॉशिंग्टनच्या न्यायालयाने बजावलं की सिंचनाला जेवढं हक्काचं आहे त्याहून जास्त पाणी वळवू नका, उरलेलं सरोवराला द्या. यानंतरचा निकाल मात्र विरुद्ध गेला. ट्रकीच्या पाण्याचं वाटप १९४४च्या हुकूमनाम्याने झालं होतं. जमातीच्या वतीने तेव्हा सरकारच उभं होतं आणि सरकारने माशांसाठी पाणी मागितलंच नव्हतं. जमातीला मिळालं ते शेतीपुरतं. ते वाटप पुन्हा उघडा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली फेटाळली. वकिलाने न मागितलेलं पाणी आता मागता येणार नाही. हे वाचताना मला आपल्याकडचे पुनर्वसनाचे किती तरी कागद आठवले, जिथे आदिवासींच्या नावाने सही दुसऱ्याचीच असते.

पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात जमातीची सरशी झाली. ट्रकीच्या एका उपनदीवर स्टॅम्पीड हे धरण १९७०मध्ये पुरं झालं होतं. त्यातलं पाणी आधी क्वी-वी आणि ट्राउटसाठी, हे न्यायालयाने मान्य केलं. एक आख्खं धरण माशांसाठी राखीव. वसंतात, नेमकी वीण असते तेव्हा, तिथून पाणी सोडू लागले. १९८७च्या सुमारास अशा सोडलेल्या पाण्याबरोबर नदीकाठी कॉटनवुडची रोपं आपोआप उगवून आली, कित्येक दशकं तिथे नवं झाड धरलं नव्हतं. माशासाठी मागितलं ते झाडालाही मिळालं.

त्याआधी, १९७०च्या दशकाच्या मध्यात, नदीच्या मुखापासून थोडं वर मार्बल ब्लफ हा बांध आणि त्याच्या बाजूने माशांसाठी जवळपास पाच किलोमीटरची खास वाट बांधली गेली. गाळाचा पट्टा टाळून मासे तिथून चढतील, अशी कल्पना. क्वी-वीला ती वाट फारशी रुचली नाही. बांधाशी थेट नदीतून आलेल्या माशांसाठी पाळण्यासारखा उचलपेटारा लावावा लागला. त्यात मासे भरायचे, वर न्यायचे, पलीकडे सोडायचे. विणीच्या आठवड्यांत तो दिवस-रात्र चालतो.

आणि क्वी-वी तग धरून कसा राहिला? १९८०च्या दशकात अभ्यासकांनी माशांच्या कल्ल्यांच्या झाकणाचं हाड तपासलं. झाडाच्या खोडासारखी त्यावर वर्षांची वर्तुळं असतात. सरोवरातले बहुतेक जाणते मासे १९६९ सालचे निघाले. त्या वर्षी डोंगरावर बर्फ भरपूर झालं, नदी भरून आली, गाळावरून वाट झाली आणि जे चढले त्यांनी अंडी घातली. त्याआधी आणि नंतर कित्येक वर्षं कोरडी. म्हणजे एका ओल्या वर्षाच्या पिढीवर आख्खी जात तरली होती. चाळीस वर्षांचं आयुष्य त्या माशाला यासाठीच मिळालेलं असावं, पुढचं ओलं वर्ष येईपर्यंत थांबायला. १९८०च्या दशकाच्या अखेरच्या दुष्काळात पुन्हा काही वर्षं वीण झाली नाही, तरी जात गेली नाही. दरम्यान जमातीने स्वतःच क्वी-वी खाणं बंद केलं होतं. ज्या माशाचं नाव आपलं नाव, तो ताटात घ्यायचा नाही. 

१९९०मध्ये अमेरिकेच्या संसदेने ट्रकी-कार्सन-पिरॅमिड सरोवर पाणीतडजोडीचा कायदा केला. जमातीच्या बाजूने अध्यक्ष जो एली यांनी आणि संसदेत हॅरी रीड यांनी तो रेटला. मत्स्यव्यवसायासाठी अडीच कोटी डॉलरचा आणि आर्थिक विकासासाठी चार कोटी डॉलरचा निधी त्यातून ठरला. नदी कशी चालवायची याचा करार मात्र व्हायला २००८ उजाडलं आणि अंमलात यायला २०१५. कायद्यापासून पाण्यापर्यंत पंचवीस वर्षं.

राहिला ट्राउटचा मूळ वंश. तो संपला असंच सगळे धरून चालले होते. पण १९७०च्या दशकात नेवाडा-युटाच्या सीमेवर, पायलट पीक डोंगराच्या एका लहानशा ओढ्यात काही कटथ्रोट सापडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोणी तरी, का ते माहीत नाही, लाहोंटनचं बीज तिथे नेऊन सोडलं होतं. ट्राउटचे जाणते अभ्यासक रॉबर्ट बेंके यांनी हे पिरॅमिडचंच कूळ असावं, असं मत दिलं. पुढे नेवाडा विद्यापीठात मेरी पीकॉक यांनी संग्रहालयात जपलेल्या जुन्या माशांच्या डीएनएशी ताडून पाहिलं आणि नातं जुळलं. १९९५मध्ये गार्डनरव्हिलच्या केंद्र सरकारी हॅचरीने त्या ओढ्यातली अंडी आणून जनक मासे वाढवले. २००६मध्ये पिरॅमिडचं बीज पिरॅमिडमध्ये परत सोडलं गेलं.

सहा-सात वर्षांत गळाला वीस पौंडांहून मोठे मासे लागू लागले. हिवाळ्यात काठावर पाण्यात शिड्या रोवून, त्यावर उभं राहून गळ टाकणाऱ्यांची रांग लागते. शिडी यासाठी की पाणी थंड असतं आणि मासा उथळात फिरतो. आणि २०१४च्या वसंतात मार्बल ब्लफच्या खालच्या खडीवर ट्राउटने नदीत अंडी घातली. १९३८नंतर पहिल्यांदा. ७६ वर्षं.

२०२०मध्ये डर्बी धरणाच्या कालव्याच्या तोंडाशी आडवी जाळी बसली, जेणेकरून खाली उतरणारे मासे शेतांकडे वाहून जाऊ नयेत. त्या धरणाला तोवर ११५ वर्षं झाली होती.

सटक्लिफचं काम थांबलेलं नाही. ट्राउटची अंडी अजून दर वसंतात भांड्यात पडतात, पांढरी पडलेली अजून बोटांनी वेचली जातात. क्वी-वी बहुतेक आपला आपण नदीत चढतो, आणि मार्बल ब्लफला माणसं पाळी लावून पेटाऱ्यापाशी उभी असतात. मे महिन्यातल्या रात्री वर खडीवर फुटलेली पिलं, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी, अंधारात पाण्याबरोबर सरोवरात उतरतात. त्यांतली एखादी मादी वाचली, तर ती परत त्या बांधापाशी येईल आठ-दहा वर्षांनी.